आखाजीला गाडी काढली आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळायला लागलं: कोणत्या क्रमाने काय तपासायचं

आमच्या खानदेशातल्या अमळनेर-धरणगाव पट्ट्यात घराघरांतलं कोणी ना कोणी सुरतेला किंवा पुण्याला कामाला आहे. दिवाळी झाली की मोटारसायकल ओसरीत लावायची, वरून खताची रिकामी गोणी टाकायची, किल्ली आईजवळ द्यायची आणि सुरतेची रेल्वे धरायची. परत येणं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाहीतर थेट श्रावणात कानबाईच्या रोटाला, म्हणजे कानबाई देवीच्या सणाला. गाडी सहा, कधी आठ-नऊ महिने जागची हललेली नसते. मग घरी आल्याआल्या कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची चावी, फिरवला की कार्ब्युरेटरखालच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) बारीक पाइपातून टप टप सुरू. "खाले पेट्रोल पडी ऱ्हायनं भो, देख ना जरा," असा फोन सणाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मला येतोच.

मी गॅरेजवाला नाही, शेती करतो. पण घरच्या आणि भाऊबंदांच्या गाड्यांचा हा एकच बिघाड इतक्या वेळा काढला आहे की आता हाताला त्याची सवय झाली आहे. सणाच्या घाईत लोक सरळ नवा कार्ब्युरेटर घालून मोकळे होतात, म्हणून हे लिहितोय. दहातल्या सात-आठ गाड्यांत भाग खराब झालेला नसतोच. सुईच्या टोकावर चिकट थर बसलेला असतो किंवा गंजाचा एखादा कण अडकलेला असतो. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर बऱ्याच जणांना खिशात हातही घालावा लागणार नाही.

हे सगळं कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांचं आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या आहेत, म्हणजे त्यांत कार्ब्युरेटरच नसतो. त्यांत पेट्रोलला पंपाचा दाब असतो. इंजेक्शनची गाडी गळत असेल तर यातलं काहीही करू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.

आधी गाडी चुलीपासून लांब

आखाजीचा दिवस. अंगणात चूल मांडलेली, त्यावर खापर तापलेलं, आई आणि काकू हातावर पुरणपोळी मोठी करताहेत. आणि तिथून दहा पावलांवर चुलतभावाची गाडी, तिच्याखाली फरशीवर ताटाएवढा ओला डाग. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा काही झालं नाही, पण आजही आठवलं की पोटात गोळा येतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, उताराने पाणी जावं तशी जमिनीलगत सरकते आणि जिथे विस्तव असेल तिथे पोचते.

म्हणून गळती दिसली की कॉक बंद करा, इंजिन चालू न करता गाडी ढकलत मोकळ्या जागी न्या आणि ओल्या डागावर माती टाका. गोठ्याजवळ, कडब्याजवळ, गॅसच्या शेगडीजवळ हे काम नको. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला प्रेमाने लांब बसवा. शक्यतो सकाळी उन्हं चढायच्या आत करा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पेट्रोलमधले हलके अंश तर ३५-४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. भर दुपारी उघड्या पेट्रोलशी खेळ नको.

काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत किंवा पत्र्याच्या डब्यात धरा. थर्माकोलचा कप पेट्रोलमध्ये विरघळतो. आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका. घरात सणाची लेकरं असतात, तहान लागली की बाटली दिसेल ती तोंडाला लावतात.

लक्षणं

- कॉक चालू केल्यावर कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेल्या रबरी पाइपातून थेंब किंवा धार.
- कार्ब्युरेटरची खालची वाटी आणि वरचा भाग जिथे जुळतात तिथे ओलसरपणा, त्यावर धूळ चिकटून झालेला काळा पट्टा.
- गाडी चालू होते, पण काळा धूर सोडते, रेस कमी केली की बंद पडते. प्लग काढला तर काळा आणि ओला.
- रात्रभर उभी केली की टाकी हलकी, पण खाली डाग नाही. हे सगळ्यांत वाईट लक्षण, त्याबद्दल पुढे सांगतो.
- इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास.
- किक अर्ध्यातच दगडासारखी अडते.

शेवटची दोन लक्षणं असतील तर किक मारू नका, बटणही दाबू नका. आधी "इंजिनात पेट्रोल" हा भाग वाचा.

आत नेमकं काय होतं

घरातला डेझर्ट कूलर डोळ्यांसमोर आणा. टाकीत पाणी भरलं की फ्लोट, म्हणजे तरंगता गोळा, वर येतो आणि नळी बंद होते, पाणी कमी झालं की फ्लोट खाली जातो आणि नळी उघडते. कार्ब्युरेटरच्या वाटीत हेच सगळं लहान आकारात आहे. फ्लोट वर आला की एक छोटी सुई पितळी भोकात जाऊन बसते आणि टाकीतून येणारं पेट्रोल थांबतं. सुई नीट बसली नाही तर पेट्रोल येतच राहतं, पातळी वाढते आणि वाटीतल्या उभ्या नळीवरून ओसंडून ओव्हरफ्लोच्या पाइपाने बाहेर पडतं. ती नळी मुद्दाम दिलेली आहे. जास्तीचं पेट्रोल इंजिनात जाण्याऐवजी जमिनीवर जावं, एवढ्यासाठी.

आता आपल्या बोअरच्या जड पाण्याने कूलरच्या जाळीवर पांढरा थर कसा धरतो? पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, पुन्हा पाणी येतं, पुन्हा थर. कॉक उघडा ठेवून गाडी सहा महिने उभी केली तर वाटीत हेच होतं. वाटीला हवेची वाट मोकळी असते, त्यामुळे पेट्रोल उडतं. फ्लोट खाली जातो, टाकीतून नवं पेट्रोल येतं, तेही उडतं. दर वेळी थोडा डिंकासारखा अंश मागे राहतो आणि सुईच्या टोकाशी जमतो. नखाने खरवडला तर काकवीसारखा तपकिरी, चिकट.

त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के मिश्रण आलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं. त्याने पत्र्याच्या टाकीला आतून गंज धरतो आणि तो गंज कॉकमधून खाली उतरतो. जुन्या गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते पेट्रोलमध्ये असताना फुगतात आणि सुकले की कडक होऊन आकसतात.

गळतंय कुठून, ते आधी ठरवा

या पायरीला पाच मिनिटं लागतात आणि निम्मं काम इथेच होतं. कॉक बंद करून कार्ब्युरेटर बाहेरून कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. अंगाला लावायची पावडर बोटाने सगळ्या सांध्यांवर भुरभुरा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि मग कॉक उघडा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होईल तीच गळतीची जागा. उगाच सगळीकडे पाना लावत बसू नका.

गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करूनच हे पाहा. साइड स्टँडवर गाडी कलली की वाटीतली पातळीही कलते, फ्लोट नीट उचलला जात नाही आणि ठीक असलेली गाडीसुद्धा टिपकते. माझ्याकडे आलेल्या दोन गाड्यांची "दुरुस्ती" मेन स्टँड लावल्याबरोबर झाली होती.

पाइपातूनच थेंब येत असतील तर आणखी एक गोष्ट समजून घ्या. बऱ्याच गाड्यांत ओव्हरफ्लो आणि वाटी रिकामी करायचा ड्रेन, दोन्ही एकाच पाइपाने बाहेर येतात. म्हणून कॉक बंद करून पाहत राहा. थोड्या वेळात थेंब थांबले तर पातळी वाढत होती, म्हणजे दोष सुईकडे किंवा फ्लोटकडे. कॉक बंद असूनही वाटी रिकामी होईपर्यंत थेंब चालूच राहिले तर ड्रेन स्क्रू ढिला आहे, नाहीतर वाटीतल्या उभ्या नळीला चीर आहे. ड्रेन स्क्रू हलक्या हाताने आवळा. पितळी स्क्रू आणि नरम धातूची वाटी, जोर लावलात तर आटे जातात.

इंजिनात पेट्रोल: किक मारण्याआधी

एका कानबाईला धाकटा भाऊ रोटासाठी सुरतेहून आला. त्याच्या गाडीखाली एक थेंबही नव्हता, म्हणून मी निर्धास्त. सहा-सात किका मारल्या, गाडी लागली आणि आम्ही ती गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत नेली. परतताना इंजिनातून खडखड यायला लागली. ऑइल काढलं तर बरणीत चहासारखं पातळ उतरलं आणि भपकन पेट्रोलचा वास आला. नंतर ओव्हरफ्लोचा पाइप काढून उलटा केला, तर तोंडाशी कुंभारमाशीने चिखलाचं घर केलेलं. बोटाच्या पेराएवढी मातीची गुळी, आत मेलेल्या अळ्या. कॉक महिनोन् महिने उघडा राहिला होता, बाहेर पडायची वाट बंद झाली होती, म्हणून पेट्रोल इनलेटमधून सिलिंडरमध्ये आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरलं होतं. ऑइल पातळ झालं की ते धातूला धरत नाही. इंजिन खोलावं लागलं. रोटासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले आणि भावाची सगळी सुट्टी गॅरेजच्या दारात गेली. चूक माझी होती, मी पाइप पाहिला नव्हता.

तेव्हापासून कोणाचीही उभी गाडी आली की माझा पहिला हात ओव्हरफ्लोच्या तोंडाशी जातो. पाइप काढून फुंकून पाहा, आरपार हवा जायला हवी. मग ऑइलची पट्टी काढा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल, बोटांत चोळल्यावर पातळ लागत असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालू न करता ऑइल बदला आणि मगच पुढे. अर्थात आधी गळती थांबवायची, नाहीतर नवं ऑइलही त्याच वाटेने जाईल.

आणि किक अडत असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असू शकतं. द्रव दाबला जात नाही. जोर केला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. इथे थांबा आणि मिस्तरीला बोलवा. प्लग काढून आतलं पेट्रोल बाहेर काढताना ते फवाऱ्यासारखं उडतं, शेजारी प्लगची ठिणगी असते. घरी करायचं काम नाही हे.

हलके ठोके

कॉक चालू ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कार्ब्युरेटरच्या वाटीवर बाजूने चार-पाच हलके ठोके द्या. मूठ लाकडाची किंवा प्लास्टिकची हवी, पाना-हातोडी नको. सुकलेल्या डिंकामुळे फ्लोट किंवा सुई जागच्या जागी अडकलेली असते, ती या धक्क्याने सुटते. टिपटिप तिथेच थांबली तर छान, पण लगेच समाधान मानू नका. सुई सुटली, घाण अजून आतच आहे. ती धुवा.

वाटी धुणं

कॉक बंद. पाइपाखाली काचेची बरणी. ड्रेन स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा, वाटीतलं पेट्रोल उतरू द्या. मग स्क्रू सैल असतानाच कॉक काही सेकंद उघडा. टाकीतलं पेट्रोल जोराने सुईच्या भोकातून येतं आणि अडकलेला कण सोबत घेऊन जातं. कॉक बंद, स्क्रू आवळा, पुन्हा पाहा. हे तीन-चार वेळा करा.

बरणी उन्हाकडे धरून नीट पाहा, ती खूप काही सांगते. तळाशी पाण्याचे गोल थेंब वेगळे फिरताना दिसले तर टाकीत पाणी आहे. लालसर बारीक कचकच असेल तर टाकीला गंज आहे. पिवळं-तपकिरी, रंगाच्या दुकानासारख्या वासाचं असेल तर पेट्रोल शिळं झालं आहे. स्वच्छ असेल आणि तरीही गळत असेल तर वाटी उघडावी लागणार.

टाकीतलं पेट्रोल

पाणी, गंज किंवा शिळा वास, यातलं काहीही दिसलं तर टाकी पूर्ण रिकामी करा. वरून दोन लिटर ताजं टाकून भागत नाही, तळाचं पाणी तळाशीच राहतं आणि कॉक तिथूनच ओढतो. रिकाम्या टाकीत अर्धा लिटर ताजं पेट्रोल घालून हलवा आणि तेही काढा. खराब पेट्रोल गटारीत, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. गॅरेजवाले भाग धुवायला ठेवून घेतात.

टाकीत तोंडातून पाहिल्यावर गंजाच्या खपल्या दिसत असतील तर कार्ब्युरेटर कितीही वेळा धुतला तरी तो पुन्हा गळणार. टाकी आतून साफ करणं हे माहितगाराचं काम. तेवढा वेळ नसेल तर कॉक आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये छोटा फिल्टर बसवा. फक्त पाइप वर चढून खाली येईल अशी कमान होऊ देऊ नका, या गाड्यांत पेट्रोल फक्त उताराने येतं.

पाइप, क्लिप आणि कॉक

पेट्रोलचा पाइप बोटांत वाकवून पाहा. लवचिक असेल तर ठीक. कडक झाला असेल, वाकवल्यावर बारीक चिरा उघडत असतील तर बदला. स्वस्त वस्तू आहे, विचार करू नका. साधी पाण्याची पारदर्शक नळी मात्र लावू नका, पेट्रोलने ती आठवड्या-दोन आठवड्यांत लाकडासारखी होते. पेट्रोलचीच मागा. टोकं ताणून रुंद झाली असतील आणि लांबी पुरत असेल तर अर्धा इंच कापून पुन्हा बसवा, स्प्रिंगच्या क्लिपा नव्या घाला.

कॉक तपासायचा तर पाइप कार्ब्युरेटरकडून काढून बरणीत सोडा, कॉक बंद करून दहा मिनिटं थांबा. एकही थेंब पडायला नको. पडला तर आतला रबरी वॉशर कडक झाला आहे. अशा कॉकचा धोका असा की तुम्ही रोज रात्री "बंद" करून झोपता आणि तो प्रत्यक्षात बंद होतच नाही. काही कॉक खोलून वॉशर बदलता येतो, काही रिव्हेट मारलेले असतात, ते अख्खे बदलावे लागतात.

टाकीच्या सांध्याला किंवा कॉकच्या नटाला चोळलेला अंगाचा साबण गळती धरतो, हे खरं आहे. शेतातून घरी येईपर्यंत पुरतं. त्यावर सण काढू नका.

वाटी उघडणं

इथपर्यंत फार तर पाइपाचे पैसे लागले. आता हत्यार लावायचं आहे, म्हणून सांभाळून. कार्ब्युरेटर आधी कधी खोलला नसेल तर पहिल्यांदा कोणी जाणता शेजारी बसवा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि सगळे भाग पसरट ताटलीत, पांढऱ्या फडक्यावर ठेवा.

वाटीचे फुलीचे स्क्रू फार नरम असतात. स्क्रू ड्रायव्हर खाचेत पूर्ण भरेल असाच घ्या, खाली दाबून फिरवा. जाम असेल तर गंज सोडवणारं तेल घालून अर्धा तास थांबा. डोकं घासून गुळगुळीत झालं की मग ते मिस्तरीचं काम.

वाटी खाली आली की वर फ्लोट दिसेल. तो एका बारीक आडव्या पिनेवर झुलतो आणि ती पिन दोन छोट्या खांबांतून गेलेली असते. ती बारीक तारेने अलगद ढकलून काढा. काही गाड्यांत ती एकाच बाजूने निघते, एका बाजूला डोकं असतं. माझ्या पाहण्यात जेवढे कार्ब्युरेटर कायमचे गेले, त्यातले बहुतेक इथेच गेले. पिन जाम म्हणून ठोकली आणि खांब मोडला. तो खांब ओतीव धातूचा असतो, चिकटवता येत नाही. पिन हलत नसेल तर कार्ब क्लीनर, म्हणजे कार्ब्युरेटर साफ करायचा फवारा, मारून रात्रभर ठेवा.

फ्लोटसोबत सुई बाहेर येते. दुकानात तिला फ्लोट पिन म्हणतात, तेच नाव सांगा. तिचं टोक रबरासारखं काळं असतं. उजेडात धरून टोकाभोवती नख फिरवा. नखाला गोल खाच लागली तर सुई झिजली, ती कितीही धुतली तरी बसणार नाही. नवी घाला, शे-दोनशेच्या आत येते. आपल्याच मॉडेलची घ्या आणि जुनी सोबत नेऊन लांबी ताडून पाहा. टोक गुळगुळीत असेल, फक्त चिकट असेल, तर पुसून तीच वापरा. सुईच्या मागच्या टोकाला बारीक स्प्रिंगवर बसलेला ठिपका असतो. तो बोटाने दाबला की आत जाऊन परत यायला हवा.

मग पितळी भोक, म्हणजे सुईची बैठक. कानात घालायची कापसाची काडी पेट्रोलमध्ये भिजवून आत फिरवा. पहिली काडी तपकिरी निघते, तीन-चार काड्यांनंतर पांढरी यायला लागते आणि पितळ चमकायला लागतं. ही चमक दिसेपर्यंत सोडू नका, माझ्या हातून थांबलेल्या बहुतेक गळत्या या काडीने थांबल्या आहेत. पॉलिश पेपर, ब्लेड, ड्रिल यातलं काही आत घालू नका. एक ओरखडा उमटला की सुई कधीच बंद होत नाही आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत ही बैठक दाबून बसवलेली असते, बदलता येत नाही.

फ्लोट कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो भोक पडून जड झाला आहे, वर तरंगणार नाही. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवून धरा. आतली हवा फुगते आणि भोकातून बुडबुडे येतात. पाणी चुलीवरून उतरवून लांब आणायचं, फ्लोट चुलीजवळ न्यायचा नाही. भोक पडलेला फ्लोट बदला.

वाटीच्या कडेचा रबरी गोल रिंग सांध्यातून गळत नसेल तरी या निमित्ताने नवाच घाला. जुना एकदा बाहेर काढला की फुगलेला असल्याने खाचेत परत मावत नाही, ही नेहमीची अडचण. ओढून-ताणून बसवू नका. नवा मिळत नसेल तर जुना सावलीत काही तास ठेवा, बराचसा आकसतो. सांध्याला सिलिकॉनचा लगदा लावायचा सल्ला कोणी देईल. तो पेट्रोलने फुगून सुटतो आणि त्याचे तुकडे जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, जातात.

वाटी सुटी आहे तोवर तिच्यातली उभी पितळी नळीही तपासा. नळीच्या तोंडापेक्षा थोडं खाली राहील इतकं पेट्रोल वाटीत भरा, दहा मिनिटं धरा. खालून थेंब आला तर नळीला चीर आहे किंवा ती मुळाशी सैल झाली आहे. ही चीर डोळ्यांना दिसत नाही. सुई बदलली, फ्लोट बदलला, तरी गळतंय, असं कोणी सांगितलं की मला आधी हीच आठवते.

सुई आणि फ्लोट परत बसवल्यावर, वाटी लावण्याआधी, फुंकून खात्री करा. पेट्रोल जिथून येतं त्या तोंडाला स्वच्छ, नवी नळी लावा. कार्ब्युरेटर उलटा धरला की फ्लोटच्या वजनाने सुई बंद होते, तेव्हा हवा जायला नको. सरळ केला की हवा मोकळी जायला हवी. उलटा असताना सूं करून जराही हवा गेली तर पुन्हा काडी घ्या. फक्त फुंकायचं, ओढायचं नाही, पेट्रोल छातीत गेलं तर जिवावर बेततं.

फ्लोटच्या उंचीबद्दल थोडक्यात. फ्लोटला धातूची जीभ असेल तर ती वाकवून पातळी बदलते, पण उभ्या राहिलेल्या गाडीत ती आपोआप बदललेली नसते. कोणी आधी हात घातला असेल तरच शंका घ्या आणि मोजमाप आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलंच धरा. अर्ध्या मिलिमीटरने गणित बिघडतं. जीभ प्लास्टिकची असेल तर ती वाकवायची नसतेच.

कुठे थांबायचं

किक अडते. ऑइल बदलल्यावर इंजिनातून आवाज येतो. फ्लोटचा खांब मोडला, वाटीचे आटे गेले, पितळी बैठकीला खड्डा दिसतो. नवी सुई घालूनही तीच गळती दुसऱ्यांदा परतली. टाकीच्या पत्र्याला भोक आहे. यातलं एक जरी असेल तर कॉक बंद ठेवून गाडी मिस्तरीकडे ढकलत किंवा टेम्पोत न्या, चालवत नेऊ नका, खाली गरम सायलेन्सर आहे. टाकीला वेल्डिंग तर ओळखीच्या माणसाकडूनही घाईत करून घेऊ नका. रिकाम्या टाकीतही वाफ असते आणि टाकी फुटते. त्यासाठी ती आधी विशिष्ट पद्धतीने धुवावी लागते, ते जाणणाऱ्याकडेच जा.

मिस्तरीला जाताना काय काय तपासलं ते सांगा आणि बरणीतलं पेट्रोल दाखवा. चांगला मिस्तरी ती बरणी पाहूनच कामाला लागतो.

काम झाल्यावर आणि परत जाताना

दुरुस्तीनंतर कॉक चालू ठेवून गाडी तासभर मोकळ्या अंगणात उभी करा, खाली कोरडं वर्तमानपत्र. कोरडं राहिलं तर कॉक बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. पेट्रोल उडून गेलं तरी कागदावर कडेला पिवळट रेघ राहते, तीवरून कळतं.

सुटी संपून सुरतेला निघायच्या आदल्या दिवशी कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मग ड्रेन स्क्रू उघडून वाटीतला शेवटचा घोट काढा. पत्र्याची टाकी अर्धवट ठेवण्यापेक्षा ताज्या पेट्रोलने भरलेली बरी, गंजायला मोकळी जागा उरत नाही. मात्र काठोकाठ भरू नका, उन्हाने पेट्रोल फुगून झाकणातून येतं. वर्षभर येणार नसाल तर पूर्ण रिकामी करा आणि आतून कोरडी करून ठेवा. गाडी मेन स्टँडवर, सावलीत, स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला. ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्याने बांधा, बूच मारू नका. आणि किल्ली देताना आईला सांगा, की कोणी पोरगं गाडीवर खेळायला चढलं तर उतरल्यावर कॉक बंदच आहे ना, एवढं पाहून घे.